मंगळवारी, दोन वाजता

सुरत
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

ज्योती,

तुझा पत्ता कुसुमने दिला. तिच्यावर चिडू नकोस. गोडादऱ्याच्या तुमच्या जुन्या चाळीत जाऊन मी दोन आठवडे तिचा पिच्छा पुरवला. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र निदान पोस्टमन हातात देईल. मग फाडायचं असलं तर फाड.

तू सुरत सोडलीस त्याला तीन वर्षं झाली. किसनरावांचं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी तू नेहाला आणि शिलाई मशीन घेऊन भुसावळच्या गाडीत बसलीस. नेहाचा दाखला तू माझ्याच शाळेतून नेलास, मी वर्गावर असताना. मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, "बाई, तुमच्या बहीण येऊन गेल्या." मी म्हटलं, हो, माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं.

तेराव्याला प्रशांत जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. "आता इथे एकटीने राहून काय करणार, गावी सासू आहे, तिकडे जा," ही पंगत उठायच्या आत सांगायची गोष्ट नव्हती. तुझा राग त्याचाच आहे, हे मला कळतं. मी त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. घरी आल्यावर नवऱ्याला बोलले, पण त्याचा तुला काय उपयोग.

बाकी आमच्याकडून काही राहिलं असं मला वाटत नाही. किसनरावांचं औषध सरकारी केंद्रावर आलं नाही तेव्हा तू म्हणालीस त्याप्रमाणे मी आमदारांच्या कार्यालयात प्रशांतच्या ओळखीच्या हसमुखभाईंना फोन केला होता. साहेब गांधीनगरला होते. माणूस आपल्या परीने करतो.

लिहायला बसले ते वेगळंच सांगायला. आमची स्नेहा आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिचे सहा-सात मित्रमैत्रिणी दर मंगळवारी दुपारी दोन वाजता आमच्या पुढच्या खोलीत जमतात आणि खासदारांच्या कार्यालयात फोन करतात. जगातली गरिबी कमी व्हावी म्हणून! हसलीस ना? मीही हसले होते. म्हटलं, "सोसायटीचं गटार दोन महिने वाहतंय, आधी त्याच्यासाठी फोन करा." तर म्हणते, "त्यासाठी बाबा आहेत ना."

दोनच वाजता का, तर तेव्हा कार्यालयातली माणसं जेवून खुर्चीत आलेली असतात आणि अजून डुलकी लागलेली नसते. हा शोध स्नेहाचा. माझी शाळा सकाळची, म्हणून तेव्हा मीही घरी असते.

त्यांचं म्हणणं असं, की जगातल्या अगदी गरीब देशांना टीबीची औषधं पुरवायला जो पैसा सगळे देश मिळून देतात, त्यात मोठ्या देशांनी हात आखडता घेतला आहे. तिथली माणसं औषध असूनही औषधावाचून मरणार. तेव्हा आपल्या खासदाराने संसदेत निदान एक प्रश्न विचारावा, की भारत यात काय करणार. एवढीच मागणी.

टीबी हा शब्द ऐकला आणि मी चहा टाकायला उठले. सात-आठ जणांचा चहा लागतोच.

नेहाला अभ्यासाचं विचारते म्हणून सांग. सहावीत असेल.

ताई


सुरत
२४ ऑक्टोबर २०२५

ज्योती,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

काल भाऊबीज झाली. आपल्याला भाऊ नाही म्हणून आई चंद्राला ओवाळायला लावायची आणि तू दरवर्षी म्हणायचीस, "हा काही ओवाळणी घालत नाही, पुढच्या वर्षी दुसरा बघा." काल गच्चीवर गेले होते. चंद्र दिसला, अगदी नखाएवढा. तुझं वाक्य मोठ्याने म्हणून टाकलं. शेजारच्या गुजराती काकी वाळत घातलेले कपडे काढत होत्या, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

आता मीही फोन करते. मुलांचं गुजराती चांगलं, पण ती कुरिअरवाल्यासारखी भराभर बोलतात आणि समोरचा फोन ठेवून देतो. स्नेहा म्हणाली, "आई, तुझा आवाज बाईंचा आहे. बाईंचा फोन कापायची हिंमत होत नाही कुणाची."

त्यांच्याकडे एक कागद आहे. आधी नाव आणि पिनकोड सांगायचा. मग आपल्या आयुष्यातली एक खरी गोष्ट, थोडक्यात. मग एकच मागणी. आणि मागणी केली की गप्प राहायचं. समोरच्याला हो किंवा नाही म्हणू द्यायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. पहिल्या दिवशी मी सगळं नीट बोलले, मागणी केली, तिकडून दोन क्षण आवाज नाही, तर मला कसंतरीच झालं. मीच म्हणाले, "नाही जमलं तरी हरकत नाही, साहेब कामात असतील." मुलं कपाळाला हात लावून बसली. स्नेहा म्हणाली, "आई, तू त्यांचं 'नाही'सुद्धा तूच म्हणून टाकलंस!"

त्या कार्यालयातला माणूस मोठा गमतीचा. मला म्हणतो, "बेन, आ आफ्रिका आपणा मतविस्तारमां क्यां आवे?" मी म्हटलं, आपल्या मतदारसंघात येत नाही. "तो पछी आफ्रिकाना सांसदने फोन करो ने!" खोलीभर हशा. पण त्याने फोन ठेवला नाही, ही माझी कमाई.

कुसुम यायला लागली आहे. साड्यांचे धागे कापायचं काम आणते आणि एका कोपऱ्यात कापत बसते. तिनेही परवा फोन लावला. नाव सांगितलं, पिनकोड सांगितला. त्याने विचारलं, मतदान कार्ड कुठलं? गावचं. मग तिकडेच फोन करा, इथे तुमचं काही होणार नाही. कुसुमने फोन ठेवला आणि कात्री खाली टाकली. "मन्हं मत तठे शे, न मी आठे शे! मंग मन्हा फोन कोठे लागी, बाई?" तिचं मत तिकडे, ती इकडे, मग तिचा फोन लागायचा कुठे?

उत्तर कुसुमलाच सुचलं. स्नेहाला म्हणाली, "मन्हा गावना खासदारना नंबर काढ." तिकडे फोन लागला तेव्हा पलीकडून मराठीत आवाज आला, "बोला ताई." कुसुम पुढचं बोलायचंच विसरली. "बाई, ताई म्हणाला हो!"

तुझं नावही गावच्याच यादीत आहे ना? किसनराव म्हणायचे, आम्ही मत द्यायला जातो आणि आंबे घेऊन येतो.

ताई


सुरत
१३ नोव्हेंबर २०२५

ज्योती,

तुला न विचारता मी एक गोष्ट केली आहे. विचारायला उशीर झाला, तरी विचारते.

फोनवर जी खरी गोष्ट सांगायची असते, तिथे मी आधी आमच्या वर्गातल्या एका मुलीचं सांगायची. ते पोकळ वाटायचं, मलाच. गेल्या दोन मंगळवारी मी किसनरावांचं सांगते आहे. नाव घेत नाही. "माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, लूमवर होते, साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी झाला, दुसऱ्या गोळ्या केंद्रावर वेळेत आल्या नाहीत, अडतिसाव्या वर्षी गेले," एवढंच. ते सांगितलं की तिकडचा माणूस गंमत करत नाही. मग मी म्हणते, सुरतेसारख्या शहरात हे होतं, तर जिथे केंद्रच नाही तिथे काय होत असेल. मग गप्प राहते. आता मला गप्प राहता येतं.

तुला हे आवडलं नाही तर कळव, मी बंद करीन. एक ओळ पुरे.

किसनराव मला फार आठवतात हल्ली. लूमच्या आवाजाने कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोनवर ओरडायचे आणि आपण फोन हातभर लांब धरायचो. कारखान्यात रिंग ऐकू येत नाही म्हणून फोन कायम शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचे, थरथर कळावी म्हणून. "ताई, तुमचा फोन आला की इथे गुदगुल्या होतात," असं म्हणून छातीवर हात ठेवायचे. बाबांनी तुमचं लग्न मनापासून स्वीकारलं नाही, पण त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना उचलून बाथरूमला कोण नेत होतं, ते मी पाहिलं आहे.

आम्ही जे करायला हवं ते केलं होतं, ज्योती. मी हसमुखभाईंना एकदा नाही, दोनदा फोन केला होता. दुसऱ्यांदा तर साहेब आत मीटिंगमध्ये होते. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं असेल.

थंडी पडायला लागली. तुझी पाठ दुखते का अजून?

ताई


सुरत
२६ नोव्हेंबर २०२५

ज्योती,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींची सुरुवात मी प्रशांतपासून केली होती.

काल मंगळवार. मुलं जमली होती, कुसुम होती. फोन आम्ही सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवतो, मी बोलते आणि स्नेहा वहीत उतरवून घेते. काल पलीकडून वेगळाच आवाज आला. मी नाव सांगितलं, तर म्हणाला, "सुषमाबेन? प्रशांतभाईना घरेथी?"

हसमुखभाई. दिवाळीपासून ते खासदारांच्या कार्यालयात आहेत. मला ते माहीत नव्हतं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलं बघत होती, आणि सवयीने तोंड चालूच राहिलं. बहिणीचे यजमान, लूम, गोळ्या आल्या नाहीत. सगळं सांगितलं. ते मनापासून हळहळले. "अरेरे. क्यारे बन्युं आ?" मी म्हटलं, दोन हजार बावीसचा जून. त्यांची स्मरणशक्ती तुला माहीत नाही, त्यावरच त्यांची नोकरी चालते. मग अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाले,

"तो बेन, ते वखते मने फोन केम नी कर्यो? दीकरीना एडमिशन वखते तो कर्यो'तो!"

मुलीच्या प्रवेशासाठी तर केला होता, मग तेव्हा का नाही केला.

कागदावर लिहिलं आहे, मागणी करून गप्प राहायचं. काल प्रश्न त्यांनी विचारला आणि गप्प तेच राहिले. मी "साहेब गांधीनगरला होते" असं म्हणू शकत नव्हते, कारण ज्यांच्या नावावर मी ते सांगत आले, ते हसमुखभाईच फोनवर होते.

मी म्हणाले, "नाही केला."

कुसुमची कात्री थांबली. स्नेहाने लिहायचं थांबवलं. हसमुखभाई फार भले आहेत. म्हणाले, जे झालं ते झालं, तुमचा प्रश्न कागदावर लिहून पाठवा, मी साहेबांच्या हातात देतो. जवळजवळ दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी हो म्हणालं होतं आणि खोलीत कुणी टाळी वाजवली नाही.

मुलं गेल्यावर स्नेहा म्हणाली, "पत्रात काय लिहितेस गं तू मावशीला? हवापाणी?"

म्हणून आता नीट लिहिते.

चौदा जूनला सकाळी तू फोन केलास. गोळ्या केंद्रावर आल्या नाहीत, दुसऱ्या केंद्रावर आहेत, पण कुणी तरी वरून सांगितलं तरच देतील. आमदारांच्या कार्यालयात तू स्वतः जाऊन आली होतीस, त्यांनी इथलं मतदान कार्ड मागितलं होतं. "ताई, भाऊजींची तिथे ओळख आहे ना? एक फोन कर." मी म्हणाले, करते.

नंबर प्रशांतच्या डायरीत होता. डायरी माझ्या हातात होती.

प्रशांत नेहमी म्हणतो, एका माणसाला वर्षातून एकच काम सांगायचं, नाहीतर ओळख पातळ होते. स्नेहाचा दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. ज्या शाळेत तिला अकरावी सायन्सला घालायचं होतं, तिथे शिफारशीशिवाय दारातही उभं करत नव्हते. मी प्रशांतला काही विचारलं नाही. त्याचं वाक्य तेवढं वापरलं. मनात म्हटलं, गोळ्या काय, आज ना उद्या येतीलच. सरकारी काम आहे, उशिरा होतं पण होतं. प्रवेशाची तारीख मात्र गेली की गेली.

सोळा तारखेला मी हसमुखभाईंना फोन केला. स्नेहासाठी.

त्याच संध्याकाळी तू पुन्हा फोन केलास. तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. तू म्हणालीस, "ताई, यांचे चुलतभाऊ लोटूभाऊ धुळ्याहून गाडी घेऊन यायला तयार आहेत. तिथे त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. निघू का? की तुझ्या फोनचं काही होतंय?" मागे किसनरावांचा खोकला ऐकू येत होता. आणि मी म्हणाले, "थांब. मी फोन केलाय, साहेब गांधीनगरला आहेत, आले की होईल."

मी 'केला नाही' म्हणाले असते तर तू त्याच संध्याकाळी निघाली असतीस. माझ्या फोनवर भरवसा ठेवून तू नऊ दिवस थांबलीस. मी रोज तुला विचारत होते, कसे आहेत, आणि तू रोज मला विचारत होतीस, आले का साहेब.

वेळेवर धुळ्याला गेले असते तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येणार नाही. गेली तीन वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला उभी आहे. पण 'थांब' हा शब्द माझा होता. तो आजाराचा नव्हता, केंद्राचा नव्हता, प्रशांतचाही नव्हता.

तेराव्याला प्रशांत बोलला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते. वाटलं, आता ज्योती याच्यावर रागावेल.

स्नेहाला प्रवेश मिळाला. ही फोन करणारी मुलं तिला त्याच शाळेत भेटली.

याआधीच्या पत्रांत मी फोनबद्दल जे जे लिहिलं ते खोटं आहे. दोनदा केला वगैरे तर नवीनच रचलं. सगळ्या जगासाठी मी मंगळवारी फोन करते, आणि मला वाटत होतं की असे पुष्कळ फोन केले की तो एक त्यात कुठे तरी बुडून जाईल. तो काल वर आला.

मी काही मागत नाही. इथेच थांबते.

सुषमा


सुरत
१७ डिसेंबर २०२५

ज्योती,

हसमुखभाईंनी दिलेला शब्द पाळला. खासदारांनी प्रश्न दिला होता. पण तिथे खूप प्रश्न येतात आणि कुठले घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आमचा निघाला नाही. मला वाटलं मुलं खचतील. कुसुम म्हणाली, "मग काय झालं? भिशीत तरी पहिल्याच महिन्यात कुठे नंबर लागतो? पुढच्या वेळी परत टाकायला सांगा." मुलं पुन्हा कागद घेऊन बसली.

तिच्या चाळीतल्या आणखी चौघी आल्या होत्या काल. सगळ्यांची मतं गावाला. एकीचं नंदुरबारकडे, एकीचं पार वाशिमकडे. आमच्या पुढच्या खोलीतून आता चार खासदारांना फोन जातात. आणि कुसुम फोनवर आफ्रिकेचं सांगता सांगता म्हणाली, "साहेब, तिकडच्या बायांना मी पाहिलेलं नाही, पण नवरा खोकतो तेव्हा बाई कशी जागी असते ते मला माहीत आहे." हे कागदावर नव्हतं.

मी किसनरावांची गोष्ट आता सांगत नाही. ती तुझी आहे.

प्रशांतला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. म्हणाला, "मला विचारायचं होतंस. मी नाही म्हणालो असतो असं वाटलं का तुला?" मी म्हटलं, "नाही. तू हो म्हणशील याचीच भीती वाटली." परवा त्याने ती डायरी माझ्या टेबलावर आणून ठेवली, सगळ्या नंबरांसकट. म्हणाला, "वापर."

स्नेहा माझ्याशी कामापुरतं बोलते. काल फोन झाल्यावर मात्र तिने माझा चहा आधी गाळला.

उत्तराची वाट पाहत नाही, असं लिहिणार होते. पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. पोस्टमन आला की मी दोन जिने उतरून खाली जाते.

सुषमा


दोंडाईच्याजवळून
४ जानेवारी २०२६

ताई,

पाचही पत्रं मिळाली. फाडलं एकही नाही.

भाऊजी तेराव्याला बोलले ते मी कधीच विसरले. खरंच तर बोलले होते, इथे सासूबाई आहेत म्हणूनच नेहाला सोडून मला कामाला जाता येतं. ब्लाउज शिवते. पाठ दुखते. नेहा सहावीत आहे आणि गणितात तुझ्यावर गेली आहे, म्हणजे कच्ची.

आता माझं ऐक. मला माहीत होतं.

नवव्या दिवशी मी पुन्हा त्या कार्यालयात गेले होते. हसमुखभाई नव्हते. रजिस्टरवर एक बाई बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, माझ्या बहिणीने आमच्यासाठी फोन केलाय, बघा ना. त्या चांगल्या होत्या. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि बोटाने एकेक ओळ खाली दाखवत गेल्या. सोळा तारखेला तुझं नाव होतं. सुषमाबेन. पुढे काम लिहिलं होतं, अॲडमिशन. त्या म्हणाल्या, "हेच का?" मी म्हटलं, हो, हेच.

तिथूनच बाहेर येऊन लोटूभाऊंना फोन केला. गाडी आली. धुळ्याला पोचलो. पुढचं तुला माहीत आहे.

तू विचारलं असतंस तर मी स्वतःच म्हणाले असते, आधी स्नेहाचं कर. ती माझ्या मांडीवर वाढली आहे. मला राग त्याचा नाही. तू 'थांब' म्हणालीस त्याचा आहे, आणि नंतर तीन वर्षं जेव्हा जेव्हा फोन केलास तेव्हा 'कशी आहेस' विचारायला केलास, त्याचा आहे. म्हणून उचलला नाही. तुझी पत्रं यायला लागली तेव्हा मी प्रत्येक पत्र उघडून आधी तीच एक ओळ शोधायची. पहिल्यात नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात तू दोनदा फोन केल्याचं लिहिलंस, तेव्हा पत्र चुलीपर्यंत नेलं होतं. चौथ्यात सापडली.

राग गेलेला नाही. गेल्यासारखं लिहिलं तर मीही तुझ्यासारखंच करेन.

कुसुमने मला इथल्या खासदारांचा नंबर पाठवला होता. माझं मत इथेच आहे. मंगळवारी दोन वाजता मशीन थांबवून फोन केला. गोष्ट माझी मीच सांगितली, यांचं नाव घेऊन सांगितली. किसन. नऊ दिवस. तिकडचा माणूस म्हणाला, "बरं ताई, पण यात तुमचं काम काय आहे?" मी म्हटलं, "माझं काम झालं नाही दादा. आता दुसऱ्यांचं सांगते आहे." मग गप्प राहिले, तू लिहिलंस तसं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग तो म्हणाला, "लिहून घेतो. सांगा." मी सावकाश सांगितलं, त्याने लिहून घेतलं.

ही गोष्ट आता तू सांगितलीस तरी चालेल. पण सगळी सांग. तुझा भाग गाळायचा नाही.

यांचा फोन मी अजून चालू ठेवला आहे. शिवताना मशीनवर ठेवते. वाजवत नाही, नुसता थरथरू देते.

मंगळवारी दोनचे फोन झाले की मला कर. उचलेन की नाही ते आत्ता सांगत नाही. पण रिंग पूर्ण होऊ दे. मध्येच तू कापू नकोस.

ज्योती